गोंदियाची कात्री, शाहूवाडीचं इरलं

आमच्या गोंदियाहून एक गाडी सुटते ती महाराष्ट्र आडवा ओलांडून कोल्हापूरला जाऊनच थांबते. लहानपणी त्या गाडीच्या पाटीवरचं दुसरं नाव मी कितीदा वाचलं असेल, पण ते गाव खरंच असतं आणि तिथे आपल्यासारख्याला कोणी बोलावून घेतं, हे वाटलं नव्हतं. सहावीनंतर माझी शाळा सुटली. वडिलांच्या सलूनात दुसऱ्या खुर्चीमागे उभा राहिलो, तो अजून उभाच आहे. थंडी पडली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. त्यांत नट-नट्यांचे केस मी करतो, टोप बसवतो. एवढंच माझं जग.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. नागपुरात नव्या कटिंगचं शिबिर होतं, तिथे शेजारच्या खुर्चीवर कोल्हापूरचे बबनराव होते. त्यांचं शाहूपुरीत सलून. शिकवायला उभ्या केलेल्या मुलीचं गंगावन, म्हणजे वरून जोडलेले केस, सगळ्यांसमोर सुटून आलं. मी खिशातली सुई काढून ते मिनिटभरात टाचलं. बबनरावांनी माझा हातच धरला. "पावणं, हे कुठं शिकलासा?"

"नाटकात जी."

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजात मुली कपड्यांचं डिझाइन शिकतात. शेवटच्या वर्षाला त्यांचा रॅम्पवरचा शो असतो. या वेळी एकेका मुलीला एकेक केस करणारा जोडून द्यायचा, दोघांनी मिळून एकच कल्पना मांडायची, असं ठरलं होतं. एक जण कमी पडत होता. होळी झाली होती, नाटकं संपली होती. बायको म्हणाली, "जा ना जी, काहून घाबरता?" परत आल्यापासून सलूनात येणारा प्रत्येक जण विचारून राहिला आहे की तिकडे काय झालं. हजामत करता करता नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

पहिला दिवस, शाहूपुरी

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीशी दोन माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. मी पिशवी छातीशी धरून बाजूला झालो. बबनराव स्कूटर घेऊन आले तेव्हा त्यांना म्हणलं, "भांडण लागलं वाटते." ते हसले. "भांडान कसलं? त्यो त्याला जेवायला बलावतोय." पुढचे सहा दिवस मी हेच शिकत राहिलो. आमच्याकडे आवाज चढला की माणूस रागावला समजायचं. इथे आवाज खाली गेला तर काळजी करायची.

सलूनात जायच्या आधी त्यांनी मला दूध प्यायला नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या. गवळ्यानं माझ्यासमोर धार काढली आणि फेसाळलेला पेला हातात दिला, तो कोमटच. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. मी पेला धरून उभा. गवळी म्हणाला, "बघत काय बसलाय पावणं? म्हस काय परत घेणार न्हाई त्ये." प्यालो. मिशीवर फेस आला तो बबनरावांनी आपल्या रुमालानं पुसला.

मग कॉलेजात गेलो. मोठा हॉल, रांगेनं शिलाई मशिनी, भिंतीभर चित्रं. सहा विद्यार्थिनी आणि आम्ही सहा जण. बबनराव, मी आणि शाहूपुरी-राजारामपुरीकडच्या चार पार्लरवाल्या ताई. मुख्य मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला सुवर्णा नावाची मुलगी आली. काटकुळी, डोळे मोठे. तिनं आधी पार्लरवाल्या शैलाताईंकडे पाहिलं. या ताईंकडे चार ड्रायर आणि दोन मदतनीस असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा पडला तो तिनं लपवला नाही.

"तुम्ही नाटकात असता ना दादा? राग मानू नका, पण मला राजा-राणीचे टोप नकोत."

"मलाही नको आहेत जी."

"जी काय, मी तुमच्यापेक्षा लहान आहे," ती म्हणाली आणि एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर इंग्रजीत बारीक काहीबाही लिहिलं होतं. मी तो दोन मिनिटं धरून बसलो. मग वाटलं, सहा दिवस कागद धरून कसं भागेल?

"बाई, मला हे वाचता येत नाही. सहावी शिकलो मी. तुम्ही तोंडानं सांगा."

तिनं कागद परत घेतला, घडी घातली आणि सांगायला लागली. तिचं गाव शाहूवाडीकडचं, डोंगरातलं, भाताचं. पावसात भात लावताना तिकडे पाठीवर इरलं घेतात. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं केलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारं. त्या इरल्यावरून तिनं चार पोशाख शिवले होते.

"शोला बाबा येणार आहेत," ती मशिनीचं चाक उगीच फिरवत म्हणाली. "तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं म्हणणं, शिवणकामच करायचं होतं तर गावातली मशिन काय वाईट होती? पुढं मुंबईला शिकायला पाठवायचं की स्थळं बघायला लागायचं, ते हे बघून ठरवणार आहेत."

माझी शाळा सुटली तेव्हा कोणी काही बघून ठरवलं नव्हतं. एका सकाळी दप्तर खुंटीला राहिलं, बस. हिचं मात्र एका तासावर ठरणार होतं, आणि त्या तासात अर्धं काम माझं.

माझी राहायची सोय उचगावात होती. बबनरावांच्या ओळखीचं लिंगायत घर, धान्याचा व्यापार. घरातल्या मोठ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. माहेर सीमेपलीकडचं, बोलण्यात कानडी. "ऊटा झालं का रे तम्मा?" त्यांनी विचारलं. ऊटा म्हणजे जेवण हे ताटावरून समजलं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ हे दुसऱ्या दिवशी कळलं. कोल्हापूरला जातो म्हणून गावातल्या दोस्तांनी मला तांबडा-पांढरा रस्सा चाखूनच यायची शपथ घातली होती. या घरात मटणाचं नाव काढायची सोय नव्हती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि वांगं असं की मी दोनदा मागून घेतलं. दोस्तांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गाडीभाडं वाया गेलं.

दुसरा दिवस, शाहूवाडी

मी सुवर्णाला म्हणलं, चित्र नको, खरं इरलं दाखव. नाटकातसुद्धा नुसतं "म्हातारा आहे" म्हणून भागत नाही. कोणता म्हातारा ते पाहावं लागते.

एस.टी.नं निघालो. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. पुढे ऊस संपला, चढ लागला आणि उतारांवर पायऱ्यांसारखी भाताची खाचरं दिसायला लागली. मधे मधे काळे चौकोन. पालापाचोळा पसरून जमीन भाजलेली. सुवर्णा म्हणाली, हे तरव्याचं, इथे रोपं टाकतात. आम्ही रोपांना पऱ्हे म्हणतो आणि जमीन भाजत नाही. तुमची लावण ती आमची रोवणी. मी सांगत गेलो, ती वहीत लिहीत गेली. माझ्या तोंडचं कोणी लिहून घेतंय, असं पहिल्यांदाच होत होतं.

तिचे वडील अंगणात उभे होते. उंच, डोक्याला पटका, आवाज असा की समोरच्या डोंगरानं ऐकावा. "या पावणं! गोंदियासनं आलासा म्हनं. त्ये कुठशी येतंय?"

"महाराष्ट्राच्या पार त्या टोकाला जी. आमच्याकडेही भातच."

"भात? मग घरचंच की तुमी!" त्यांनी हाताला धरून मला आत नेलं. जेवताना आपल्या शेजारी बसवलं. हे सगळ्यांना साधं वाटेल. आमच्याकडच्या लग्नात मी नवरदेवाची दाढी करतो तेव्हा माझं पान कुठे पडतं, हे ज्याला माहीत आहे त्याला साधं वाटणार नाही. मी भात दोनदा घेतला.

मग त्यांनी भिंतीवरचं इरलं काढलं. उलट्या होडीसारखं. कामट्यांची तिरपी जाळी आतून आणि बाहेरून, मधे पानं दाबलेली. एकही खिळा नाही, गाठ नाही. एकेक कामटी दुसरीच्या खालून निघून तिसरीच्या वरून जाते. मी बोटानं एक कामटी धरून तिच्या मागे मागे गेलो, तर ती फिरून जिथून निघाली तिथेच आली. मनात आलं, ही तर वेणी आहे. तीन पेडांची नाही, चाळीस पेडांची.

"घाला की," सुवर्णाचे वडील म्हणाले. मी ते पाठीवर घेतलं आणि ताठ उभा राहिलो. ते मागे घसरलं.

"आता वाका."

वाकलो. इरलं डोक्यावर आणि कमरेवर असं बसलं जसं माझ्याच मापाचं केलंय.

"बघा. इरलं ताठ मानसासाठी न्हाईच," ते म्हणाले आणि लेकीकडे वळले. "आन तू त्या पोरींना ताठ चालवनार, लाइटीत. कसलं इरलं त्ये? चिखुल न्हाई, वाकनं न्हाई."

परतताना एस.टी.त सुवर्णा खिडकीबाहेर पाहत होती. डोळे कोरडे होते, पण हातातल्या वहीच्या पानांचे कोपरे तिनं बारीक बारीक फाडून टाकले.

केसांचे दोन दिवस

पुढचे दोन दिवस बबनरावांच्या सलूनाच्या मागच्या खोलीत गेले. गंगावनाचे पेड बारीक वळून ते कामट्यांसारखे तिरपे विणायचे आणि डोक्यावर मागे झुकणारा उंच खोपा उभा करायचा, असं मी ठरवलं. चार मुली, प्रत्येकीला दीड तास. पहिल्या दिवशी खोपा कोसळला. बबनराव म्हणाले, "पावणं, भात आडवा झाला की तुमचा!" आत तारेची कडी घातल्यावर उभा राहिला. संध्याकाळी सुवर्णा आली, खोप्याभोवती फिरली, जाळीत बोट घातलं.

"दादा," ती म्हणाली, "टोप नकोत म्हणाले होते ना मी? ते शब्द मागे."

त्या वेळी कपडे मात्र कॉलेजात होते. कपड्यांची मापं तिथे, केसांची इथे. दोन्ही एकत्र कोणी घालून पाहिलं नाही.

शोच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बसवून क्रम सांगितला. दुपारी बारापासून आपापल्या सलूनात केस. ते झाले की रिक्षानं हॉलवर. तिथे कपडे. म्हणजे तेल आणि स्प्रे कपड्यांना लागणार नाही.

मी दचकलो. नाटकात आम्ही उलटं करतो. आधी पोशाख, सगळ्यात शेवटी टोप. कारण टोप चढल्यावर डोक्यातून काही घालता येत नाही. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं. पण शैलाताई मान डोलवून राहिल्या होत्या, बाकीच्या ताईही. त्या नवऱ्या सजवतात. नवरीची साडी मागाहून नेसवता येते, त्यांचं काही अडत नाही. मॅडमनी विचारलं, "कोणाला शंका?"

शाळेतही माझं असंच व्हायचं. उत्तर जिभेवर असायचं, हात मांडीखाली. वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी विचार केलाच असेल. सहावी शिकलेल्या माणसानं काय सांगावं? मी हात वर केला नाही.

शोचा दिवस

चार उंच खोपे रिक्षात मावेनात. मुली माना बाहेर काढून बसल्या. शाहूपुरीतून जाताना सिग्नलला एक मोटारसायकलवाला ओरडला, "आयला, गवताची गंजी चाललीया न्हवं!" मुली हसून हसून लाल झाल्या. मी मागच्या रिक्षात खोपे मोजत होतो. चार. चारही उभे.

हॉलच्या मागच्या खोलीत सुवर्णानं पहिला पोशाख काढला. हातमागाच्या जाड सुती कापडाचा, मातीच्या रंगाचा, मागे इरल्यासारखा फुगीर. एकसंध. बटण नाही, हुक नाही, चेन नाही. इरल्याला कुठे बटण असतं? तिनं तो मुलीच्या डोक्यावर धरला. गळा खोप्याच्या टोकाशी अडकला.

तिनं जरा ताणला. मुलगी ओरडली. जाळीतला एक पेड सुटला.

सुवर्णानं दुसरा पोशाख उचलला, तिसरा, चौथा, जणू एखादा तरी निराळा निघेल. चारही पोशाखांचे गळे एकाच मापाचे. पडद्याच्या फटीतून तिचे वडील दिसत होते. दुसऱ्या रांगेत, पटका मांडीवर ठेवून, शेजाऱ्याला मोठ्यानं विचारत होते, "आमच्या पोरीचं कवा हाय?"

आमचा क्रम शेवटचा होता. फार तर तासभर हातात.

"मला माहीत होतं," मी म्हणलो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "काल मॅडमनी सांगितलं तेव्हाच माहीत होतं. आमच्यात आधी कपडे घालतात."

सुवर्णा माझ्याकडे वळली. कॉलेजातली भाषा तिच्या तोंडातून गेली. "मग बोलला का न्हाईसा?"

मी सुटलेला पेड बोटानं जाळीत परत खोवला.

"केस सोडले तर?" तिनं विचारलं.

"पुन्हा बांधायला दीड तास. एकेकीला."

ती पोशाखाकडे पाहत राहिली. ते कापड तिनं स्वतः हातमागावरून निवडून आणलं होतं, सहा महिने शिवत होती. मग हात पुढे केला. "कात्री."

तिची कापडाची कात्री कॉलेजातल्या कपाटात कुलूपबंद होती. इथे होती ती माझी. वडिलांची, केसांची. आमच्या धंद्यात केसांच्या कात्रीनं कापड कापत नाहीत. एकदा कापलं की धार जाते, मग ती केस ओढायला लागते. शिंप्यांतही तसंच, त्यांच्या कात्रीला कोणी केस लावून दाखवावा. आमच्या घरात त्या कात्रीनं दोरासुद्धा कापलेला नाही. मी ती पेटीतून काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं मुठीच्या वजनावरूनच ओळखलं असावं.

"दादा, ही केसांची आहे."

"हो जी. काप."

तिनं पाठीमागे गळ्यापासून कमरेपर्यंत एक सरळ काप दिला. जाड कापड कर्र् करत उघडलं. माझ्या दातांत कळ गेली. पण पोशाख आता पाठीकडून घालता येत होता, उलट्या अंगरख्यासारखा. पहिल्या मुलीच्या अंगात गेला. बाकीचे तीनही तसेच कापले. चौघींची पाठ मात्र उघडी.

"पिना लावू या," मागून कोणी म्हणालं.

पिना दिसल्या असत्या. माझ्या नजरेसमोर ते इरलं आलं, खिळा नसलेलं, गाठ नसलेलं. गंगावनाचे उरलेले लांब पेड मी हातात घेतले. खोप्यातून निघालेली जाळी तिथेच का थांबवायची? तीच तिरपी विणत मानेवरून खाली आणायची, कापडाच्या दोन्ही कडांत जाड सुईनं गुंतवत कमरेपर्यंत न्यायची. केसांनीच पाठ शिवायची.

सुवर्णाला बोटानं दाखवलं. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कडा दुमडायला ती, पेड ओवायला मी. पण पाठी चार आणि हात चार. एकच पाठ विणायला वीस मिनिटं गेली.

शैलाताईंनी सजवलेल्या मुली स्टेजवरून परतल्या होत्या. ताईंनी आमच्याकडे एक नजर टाकली, पदर खोचला. "ए पोरी, तोंड काय बघतीयास? सुई दे हिकडं. पावणं, वरनं जायचं का खालनं?"

"एक वरून, एक खालून, ताई."

"व्हय व्हय, टोपली विनतो तसंच की. ए बबन्या, कंगवा ठेव, ये!"

बबनराव आले. आपापल्या मुली पाठवून झालेल्या बाकी ताई आल्या. त्यांच्याबरोबरच्या विद्यार्थिनी आल्या, ज्या सकाळपर्यंत सुवर्णाशी स्पर्धा करत होत्या. कोणाच्या सुईत दोरा, कोणाच्या तोंडात पिना. केस करणारे कापडात घुसले आणि कापड करणाऱ्या केसांत. कोण कुणाचं काम करतंय ते मला शेवटी कळेना. कोणीतरी बाहेरून हाक मारली, दहा मिनिटं.

चौथी पाठ संपली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. केस आता कपड्याला बांधले होते. मुलीनं मान ताठ केली की ओढ बसायची. "दुखतंय," एक म्हणाली.

मी घाबरून सुवर्णाकडे पाहिलं. ती हसत होती. सहा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण हसली.

"मग ताठ राहू नका," ती म्हणाली. "वाका. रोप लावताना वाकतो तेवढंच. आणि पावलं मागं टाका, पुढं नाही."

भात लावणारा माणूस मागे मागे सरकतो, हे माझ्याही लक्षात नव्हतं.

चारही मुली पाठमोऱ्या, वाकून, पाऊल पाऊल मागे सरकत स्टेजवर गेल्या. लोकांना प्रथम दिसल्या त्या पाठी. डोक्यापासून कमरेपर्यंत एकच काळी जाळी, खाली मातीचा रंग. हॉल गप्प झाला. मी पडद्याची दोरी धरून उभा होतो. आणि त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून तो आवाज आला.

"आगं, ही तर लावन चाललीया की! माजी पोरगी हाय ती, माजी!"

लोक हसले. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. चौघी दोनदा आत आल्या, दोनदा बाहेर गेल्या. शैलाताईंनी माझ्या पाठीत असा धपका घातला की मी पडद्यात गुंतलो.

मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई आत येऊन एका मुलीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिल्या. "यात केस कुठे संपतात?" त्यांनी विचारलं. सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. खरं म्हणजे दोघांनाही सांगता आलं नसतं. पहिला क्रमांक आम्हाला मिळाला. आम्हाला म्हणतो, कारण माइकवरून दोन नावं घेतली. दुसरं माझं होतं, गावासकट.

मग तिचे वडील आले. त्यांनी पोशाख मागून पाहिला, पुढून पाहिला.

"ह्यो मागचा काप आधीपासनं हुता?"

"न्हाई बाबा. ऐन टायमाला कापला."

"सा म्हैन्याचं काम? भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं की."

त्यांनी कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांचा आवाज खाली गेला, आणि कोल्हापुरात आवाज खाली गेला की काळजी करायची हे मला आता माहीत होतं. पण ते एवढंच म्हणाले, "भ्या वाटून बी कापतीस, मंजी तुला जमतंय. जा मुंबईला. शिक."

सुवर्णानं त्यांचा पटका हिसकावून घेतला आणि त्यात तोंड खुपसून रडली.

शेवटचा दिवस

गाडी दुपारची होती. सकाळी मॅडमनी कॉलेजात बोलावलं. मला वाटलं, बोलणी बसणार. वर्गात खालच्या वर्षाच्या मुली बसल्या होत्या.

"काल चूक माझी झाली," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "क्रम मी ठरवला होता. यांना माहीत होतं, पण मी नीट विचारलं नाही. आता तुम्हीच सांगा, दादा."

मी फळ्याच्या चौकटीला धरून उभा राहिलो. नाटकात कसं करतो ते सांगितलं. आधी पोशाख, मग रंग, मग टोप. कपडा वरून जाणार की पाठीकडून, हे केस करणाऱ्यानं आधी विचारायचं. खोपा किती उंच, हे शिवणाऱ्यानं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, दोन्हीची ट्रायल एकत्र किती दिवस आधी घ्यायची?"

मी मागे वळून पाहिलं, कोणी सर आलेत का. कोणी नव्हते.

"दोन दिवस तरी," मी म्हणलो.

मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. *आधी कपडे, मग केस.* मग त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

"हो. खाली लिहा, माहीत असेल तर हात वर करायचा."

त्यांनी तेही लिहिलं. मी ते पूर्ण वाचलं. मराठीतच होतं.

स्टेशनवर अक्कांनी वाटेसाठी भाकरी-चटणी पाठवली होती. बबनराव निरोप देताना इतके मोठ्यानं ओरडले की डब्यातली माणसं भांडण समजून उठून बसली. सुवर्णा आणि तिचे वडील धावत आले. वडिलांच्या डोक्यावर ते भिंतीवरचं इरलं होतं, पहाटेच्या एस.टी.नं गावाहून आणलेलं.

"न्या पावणं. तुमच्या भाताला बी पाऊस लागतोय की."

सुवर्णानं माझी कात्री एका सुती पिशवीत घालून दिली. पोशाखाच्या कापडाची पिशवी, तिनं सकाळी शिवलेली. "शाहूपुरीत धार लावून आणली दादा. पण पहिल्यासारखी नाही झाली."

ती खरंच पहिल्यासारखी झालेली नाही. केसांना मी दुसरी घेतली. ही आरशाखाली त्या पिशवीतच असते. कोणी विचारलं तर काढून दाखवतो.

इरलं फळीवर मावेना. बाकाखाली जाईना. शेवटी मी ते पाठीवरच घेऊन बसलो, थोडा वाकून, म्हणजे ते घसरत नाही. स्टेशनामागून स्टेशनं गेली, चढणारा प्रत्येक जण विचारायचा आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचो. गोंदियाला उतरलो तेव्हा भर ऊन होतं. बायको स्टेशनाच्या फाटकाशी उभी होती. मला तसं डोक्यावर इरलं घेऊन येताना पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"हे काय जी? तिकडे पाऊस पडून राहिला का?"

"पाऊस नाही," मी म्हणलो. आवाज मुद्दाम कोल्हापूरचा काढला, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा. "टाळ्या!"